थोरल्या भावाची वडीलकी

'बंधू' हा मराठीतला मोठा मानाचा शब्द. पण त्याच कुळातला 'भाऊबंदकी' हा शब्द उच्चारताच कोर्टकचेऱ्या आणि बांधावरचे तंटे डोळ्यांपुढे उभे राहतात. म्हणूनच, जन्मभर शब्द शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला लिओनिद ब्रेझनेव्ह यांच्या कारकिर्दीतले 'बंधुत्वाचे साहाय्य' विसरता येत नाही.

ब्रेझनेव्ह १९६४ साली क्रुश्चेव्ह यांना बाजूला सारून सोव्हिएत पक्षाचे प्रमुख झाले आणि १९८२ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. गृहस्थ सावध, नव्या खटाटोपाचा कंटाळा असलेला. परंतु १९६८ च्या जानेवारीत चेकोस्लोव्हाकियाच्या पक्षाची सूत्रे अलेक्झांडर दुब्चेक यांच्या हाती आली. वृत्तपत्रांवरची बंधने उठली. लोक मोकळेपणी बोलू लागले. दुब्चेक समाजवाद सोडीत नव्हते, की वॉर्सा करारही मोडीत नव्हते. तरी मॉस्कोच्या पोटात गोळा उठलाच. एका घराची खिडकी उघडली, तर शेजारच्या घरांतही वारा शिरायचा!

२० ऑगस्टच्या रात्री रणगाड्यांनी सरहद्द ओलांडली. सोव्हिएत फौजेबरोबर पोलंड, हंगेरी आणि बल्गेरिया यांच्याही पलटणी होत्या. रुमानियाने मात्र अंग काढून घेतले. परक्यांना वाट सापडू नये म्हणून लोकांनी रस्त्यांच्या पाट्या उतरविल्या. दुब्चेक प्रभृतींना मॉस्कोला नेऊन करारावर सह्या घेण्यात आल्या. फ्रान्तिशेक क्रीगल यांनी तेवढी सही नाकारली.

एका देशातला समाजवाद धोक्यात आला, की ती साऱ्या समाजवादी देशांची चिंता, असे ब्रेझनेव्ह यांनी त्याच नोव्हेंबरात वॉर्सात सांगितले. आपल्या भाषेत सांगायचे, तर धाकट्याने घराला रंग द्यायचा तोही थोरल्याला विचारून! भारत सुरक्षा समितीत तटस्थ राहिला. पण सरकारने निषेध केला नाही म्हणून अशोक मेहता यांनी मंत्रिपद सोडले.

१९८९ च्या डिसेंबरात त्या पाचही आक्रमक देशांनी आपली चूक कबूल केली. दुब्चेक त्याच महिन्यात संसदेचे अध्यक्ष झाले.

'आम्हांला बोलावणे होते,' असे मॉस्को १९६८ मध्ये सांगत होती. १९९२ साली ते पत्र उजेडात आले. खाली पाच सह्या होत्या, पाचही चेकोस्लोव्हाक पुढाऱ्यांच्या. भाऊबंदकीत थोरला दारावर धक्के देतो हे खरे. पण आतून कडी काढणारा बहुधा घरातलाच असतो.