मृत्यू मोजले म्हणून बाळे वाचली

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीड आणि धाराशिवच्या हद्दीला टेकून जामखेड तालुका आहे. इतिहासाच्या पुस्तकात तो खर्ड्याच्या १७९५ च्या लढाईपुरता येतो आणि जातो. आरोग्याच्या पुस्तकांत मात्र जामखेडचे नाव जगभर घेतले जाते. त्याचे कारण डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे, आणि त्यांनी शिकवलेल्या, त्याहूनही अधिक त्यांना शिकवणाऱ्या गावोगावच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या बाया. आमच्या घरांतल्या सासवा-सुनांशी या गोष्टीचा फार जवळचा संबंध आहे, म्हणून ती जरा तपशिलात सांगायची आहे.

रजनीकांत नगर जिल्ह्यातलेच. दोघांचे डॉक्टरकीचे शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. साठच्या दशकात ते नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करत होते. दवाखाना भरलेला असे, शस्त्रक्रिया होत, रोगी बरे होऊन घरी जात. आणि काही महिन्यांनी तेच रोगी, तीच मुले, तोच आजार घेऊन परत येत. जुलाब, खोकला, कुपोषण. यांतले बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे आहेत, मग आपण दवाखान्यात बसून नक्की करतो काय, असा प्रश्न त्यांना पडला. चांगला चाललेला दवाखाना सोडून असा प्रश्न विचारायला हिंमत लागते. ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९७० साली त्यांनी जामखेडला काम उभे केले.

सुरुवातीला त्यांनी जे केले ते फसले. शिकलेल्या नर्स गावात राहायला पाठवल्या. गावाने त्यांना आपले मानले नाही. बाहेरच्या तरुण मुलीचे ऐकून कोणती सासू बाळंतपणाची रीत बदलणार? मग गावानेच निवडलेली, गावातच राहणारी, मुलेबाळे असलेली बाई घ्यायची ठरले. त्यांतल्या कितीतरी दलित होत्या, कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, आपल्या गावात काय घडले ते सांगत, एखादा नवा विषय शिकत आणि परत जात. कोणाच्या घरी बाळ जन्मले, कोणाचे गेले, कोणाला जुलाब लागले, हे सगळे त्यांना ठाऊक असे. सरकारी कागदावर जे मृत्यू कधी चढलेच नसते, ते या बायांमुळे मोजले जाऊ लागले.

मोजल्यावर जे दिसले ते भयंकर होते. १९७१ च्या सुमारास या भागात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. म्हणजे सहा घरांत पाळणा हलला तर एक रिकामा व्हायचा. आणि का, तेही दिसू लागले. नाळ विळ्याने किंवा हाताला येईल त्या पात्याने कापायची, वर राख किंवा शेण लावायचे, आणि आठवड्याभरात बाळ धनुर्वाताने ताठ व्हायचे. जुलाब लागले की पाणी तोडायचे, कारण पाणी दिले तर जुलाब वाढतात असा समज. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. आपल्या आजीने जे केले तेच आई करत होती, मायेनेच करत होती. शिवाय चूक दिसणार तरी कशी? एका घरात दहा वर्षांत दोन बाळे जातात, त्याला घर नशीब म्हणते. साठ गावांतली बाळे एकत्र मोजली तरच नशिबाच्या आड लपलेला विळा दिसतो.

उपाय स्वस्त होते. नवे ब्लेड, उकळलेला दोरा, साबणाने धुतलेले हात, गरोदरपणी धनुर्वाताची लस. जुलाबाला साखर-मिठाचे पाणी. या साखर-मिठाच्या पाण्यामागेही माणसे मोजण्याचीच कथा आहे. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित सीमेवर आले, त्यांत आमच्या बांधवांचीही मोठी संख्या होती. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांत भरले आणि नातेवाइकांनाच पाजायला लावले. तिथे शंभर रोग्यांत वीस-तीस दगावत होते, ते प्रमाण चारच्या आत आले. त्यांनी आकडे नोंदवून ठेवले नसते, तर ती एका डॉक्टरची अडचणीतली युक्ती ठरून विसरली गेली असती. आज ओआरएसची पुडी प्रत्येक मेडिकलच्या दुकानात मिळते.

जामखेडकडे परत येऊ. नव्वदच्या दशकात तिथला बालमृत्यूचा आकडा हजारी तिशीच्या खाली आला होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण एक शंका रास्त आहे. त्या वीस-पंचवीस वर्षांत सगळ्या महाराष्ट्रातच बालमृत्यू कमी झाले. रस्ते आले, लसी आल्या, मुली शाळेत गेल्या. मग जामखेडच्या बायांचे श्रेय किती?

याचे उत्तर कौतुकाने मिळत नाही, तुलनेने मिळते. आणि ही रीत काही युरोपाने शोधलेली नाही. अबू बकर अल-राझी, ज्यांचा इंतकाल इसवी सन ९२५ च्या सुमारास झाला, त्यांनी मेंदूच्या सुजेच्या रोग्यांबद्दल लिहून ठेवले आहे की काहींचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, दोघांत फरक काय पडतो ते पाहण्यासाठी. रक्त काढण्याचा त्यांचा निष्कर्ष आजचा डॉक्टर मानणार नाही. पण एकाला द्यायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही आणि मग पाहायचे, ही पद्धत मात्र आजच्या प्रत्येक औषधाच्या चाचणीचा पाया आहे. आपल्याकडे अल-राझी आणि इब्न सीना यांची नावे अभिमानाने घेतली जातात. त्यांची ही सवय मात्र घेतली जात नाही, एवढे इथे म्हणून ठेवतो.

जामखेडची अशी तुलना झाली. प्रकल्पातली गावे आणि जवळचीच पण प्रकल्पाबाहेरची गावे, यांतल्या १९९२ ते २००७ मधल्या मुलांचा हिशेब घेऊन एक अभ्यास २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. पहिला महिना ओलांडलेल्या मुलांचा पाच वर्षांपर्यंतचा मृत्यूचा धोका प्रकल्पातल्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. श्रेय खरे होते. पण त्याच हिशेबाने पुढची जखमही दाखवली : पहिला महिना. ज्या बाळाला जन्मून चार आठवडे झाले नाहीत, त्याला वाचवणे सगळ्यांत कठीण.

या पहिल्या महिन्याचा छडा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत लागला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था उभी केली. हे दोघेही जॉन्स हॉपकिन्सलाच शिकून आलेले. त्यांचे पहिले मोठे काम न्यूमोनियावर होते. बाळाला न्यूमोनिया आहे की साधी सर्दी, हे त्याचे श्वास मोजून कळते. पण ज्या बाईला बाराच्या पुढे मोजता येत नाही तिने काय करायचे? त्यांनी तसबीहसारखे मण्यांचे एक साधन केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. एक मिनिट संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोहोचलो, तर औषध सुरू. या साध्या साधनाने आणि गोळ्या-औषधाने, न्यूमोनिया झालेल्या शंभर मुलांत मृत्यूचे प्रमाण एकाच्याही खाली आले. शेजारच्या तुलनेच्या गावांत ते तेरा-चौदा होते. हा अभ्यास १९९० साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये आला.

मग त्यांनी नवजात बाळांकडे मोर्चा वळवला. पहिले वर्ष फक्त पाहिले आणि नोंदवले. निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या महिन्यात डॉक्टरची गरज पडेल अशी काहीतरी तक्रार झाली. डॉक्टरपर्यंत पोहोचली शंभरातली दोन-तीन. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित बाई घरोघर जाऊन बाळाचे वजन करू लागली, अंग गार पडले का पाहू लागली, दूध ओढतेय का विचारू लागली, जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनही देऊ लागली. खेड्यातल्या बाईने इंजेक्शन द्यायचे, यावर तेव्हा डॉक्टरांत बरीच नाराजी होती. तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात मृत्यूचा दर, तुलनेच्या गावांशी ताडून, ६२ टक्क्यांनी घटला होता. १९९९ मध्ये ते आकडे छापून आल्यावर नाराजीला फारसा आधार उरला नाही.

याचा अर्थ संशोधन नेहमी गोड बातमी आणते असा नाही. उत्तर प्रदेशात सुरक्षित बाळंतपणाची एक यादी आणि तिचे प्रशिक्षण १२० सरकारी केंद्रांत तपासले गेले. निम्म्या केंद्रांत ते दिले, निम्म्यांत नाही. दीड लाखांहून अधिक बाळंतपणे पाहिली. जिथे प्रशिक्षण दिले तिथे नर्स अधिक नीट काम करू लागल्या, पण माता-बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. २०१७ साली हा निकाल लपवून न ठेवता छापला गेला. आमच्या मते त्या अभ्यासाची खरी कमाई हीच.

डॉक्टरांच्या स्वतःच्या सवयीही अशाच तपासल्या जातात. फार कमी वजनाचे बाळ आधी काचेच्या पेटीत ठेवायचे, स्थिरावले की मग आईच्या छातीशी द्यायचे, अशी वर्षानुवर्षांची रीत होती. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत उलटे करून पाहिले : जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी, दिवसाचे कितीतरी तास. मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाले. २०२१ साली हे प्रसिद्ध झाले. आता कमी वजनाच्या बाळाला आईपासून दूर ठेवायला सांगितले, तर ‘छातीशी कधी देणार?’ असे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

आता घरचे. गडचिरोलीच्या त्याच कामावरून सरकारने २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी सुरू केल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ती येते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. आपल्या घरांत यांतले बहुतेक दिवस चिल्ल्यात येतात, सातव्या दिवशी तर बऱ्याचदा अकीका असतो. घर पाहुण्यांनी भरलेले, आणि दारात वजनकाटा घेऊन परकी बाई. ‘बाळ झोपलंय, नंतर या’ असे सांगून तिला परत पाठवण्याची पद्धत कितीतरी घरांत आहे. नजर लागेल, ही भीती त्यामागे असते. वजन केल्याने बाळ वाळते, असेही ऐकायला मिळते. पण आठवड्यामागून आठवडा वजन वाढत नाही, ही खूण डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसते. जामखेड आणि गडचिरोलीचे सगळे शहाणपण त्या झोळीच्या काट्यातून तुमच्या दारात आलेले असते.

तहनीकबद्दलही प्रश्न येतो. खजुराचा नखभर लगदा टाळूला लावायला क्षणभर पुरतो; त्यासाठी हात स्वच्छ धुतलेले असावेत, आणि लावणाऱ्याला खोकला-ताप नसावा. बाळ अशक्त किंवा दिवसांआधी जन्मलेले असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मध मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला डॉक्टर नको म्हणतात, कारण त्यात असे जिवाणू असू शकतात जे एवढ्या लहान आतड्याला झेपत नाहीत. आणि यातल्या कशासाठीही आईचे पहिले पिवळे दूध, म्हणजे चीक, थांबवू नये. ते पहिल्या तासातच द्यायचे असते. ते पिळून फेकण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही.

बाळ शांत असताना त्याचा झबला वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजता येते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा अधिक भरले, तर पुन्हा एकदा मोजावे. तितकेच आले, तर थांबू नये. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत हा आकडा ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत जात असेल, बाळाने दूध सोडले असेल, अंग गार किंवा तापलेले असेल, हाक मारूनही सुस्त पडून असेल, तर दुआ चालू ठेवून १०८ ला फोन लावावा. रात्र आहे, सकाळी पाहू, असे म्हणू नये.

बेचाळिसाव्या दिवशीची भेट चिल्ला संपल्यावर दोन दिवसांनी येते. त्या दिवशी घरात आवराआवर असते, बाळाला पहिल्यांदा बाहेर नेण्याची घाई असते. आशाताई शेवटचे वजन घेते आणि आपल्या नोंदीत लिहिते. तोच आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर तिच्याकडून लिहून घ्यावा, आणि ते कार्ड लसीच्या दिवशी सोबत न्यावे.