पेशीचं दार उघडणारे बुडबुडे

नागपूर आणि विदर्भाला सिकलसेल हे ओळखीचं दुखणं. जनुकात एका अक्षराची चूक, आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. २०२३ अखेरीस ब्रिटन-अमेरिकेने त्यावरच्या ‘कॅसजेव्ही’ जनुकोपचाराला मान्यता दिली. त्यात रक्ताच्या मूळपेशी शरीराबाहेर काढून, विजेच्या झटक्याने आवरण सैल करून जनुक-कात्री आत घालतात. रुग्णाला मात्र जबर केमोथेरपी सोसावी लागते.

म्हणून पेशीचं दार शरीरातच उघडू पाहणारी सोनोग्राफीची वाट मला मोलाची वाटते. मेदाच्या कवचातले, तांबड्या पेशीहून लहान वायूचे बुडबुडे शिरेतून सोडतात. हृदयाच्या तपासणीत चित्र स्पष्ट दिसावं म्हणून ते आधीपासूनच वापरात आहेत. ध्वनिलहरींनी ते फुगतात, आकसतात, जोर वाढवला तर फुटतात. त्या धक्क्याने शेजारच्या पेशीच्या आवरणाला सूक्ष्म छिद्रं पडतात. औषध किंवा जनुक आत शिरतं, आवरण पुन्हा सांधतं. छिद्र मोठं झालं तर पेशी मरते. सगळं कसब लहरींचा जोर ठरवण्यात.

२०१५ मध्ये टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात असेच बुडबुडे वापरून, कवटी न उघडता, मेंदूतल्या गाठीपर्यंत केमोथेरपीचं औषध पोहोचवलं गेलं. सिकलसेलचं मूळ मात्र अस्थिमज्जेत आहे, ती शरीरभर विखुरलेली, आणि हाड बऱ्याच ध्वनिलहरी शोषून घेतं; म्हणून तिथे ही वाट अजून अवघड आहे.