एसी लावला की गाडी थरथरते? लगेच गॅस भरायला धावू नका

भर उन्हात सिग्नलला गाडी उभी आहे. एसीचं बटण दाबलं, बॉनेटखाली ‘टक’ असा आवाज आला आणि आरपीएमचा काटा खाली कोसळला. कधी तर इंजिनच बंद पडतं. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला उतरणाऱ्यांसाठी ही नुसती कटकट नाही. उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी बंद पडली, तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होऊ शकतं.

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर फिरतो. तो सुरू झाला की इंजिनवर एकदम ओझं येतं. गरम झालेली पेट्रोल गाडी उभी असताना साधारण 700 ते 850 आरपीएमवर चालते. एसी लागताच ईसीयू जादा हवा आत सोडतो, त्या मानाने पेट्रोल वाढवतो. हवाच पुरेशी मिळाली नाही तर काटा पडणारच.

म्हणून पहिला संशय थ्रॉटल बॉडीवर घ्यावा. तिच्या झडपेच्या कडेला काजळी साचते आणि हवेची वाट अरुंद होते. सफाईनंतर काही गाड्यांत स्कॅनर लावून आयडलिंग पुन्हा सेट करावं लागतं. ते राहून गेलं की ‘साफ करूनही फरक नाही’ अशी तक्रार येते. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती 800 किंवा ओम्नीत एसीसाठी रेस वाढवणारा व्हॅक्यूमचा पडदा असतो. त्याची रबरी नळी तडकली आहे का, एवढं आधी बघावं.

सुरुवातीला ठीक, पण ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं उभं राहिल्यावर त्रास होत असेल, तर कंडेन्सरसमोरचा फॅन फिरतो का ते पाहा. फॅन बंद असला की गॅसचा दाब चढतो आणि कॉम्प्रेसर आणखी जड होतो. काटा स्थिर असून नुसतीच केबिन थरथरत असेल, तर बहुधा इंजिनचं माउंटिंग गेलेलं असतं.

‘गॅस भरा’ हा अनेक गॅरेजांचा ठरलेला सल्ला. गॅस कमी असेल तर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होतो, हे खरं. पण प्रमाणापेक्षा जास्त भरला तर ओझं उलट वाढतं. आधी प्रेशर मोजून घ्यायला सांगा. थ्रॉटलचा स्क्रू पिळून रेस वाढवून देणाऱ्यालाही इंजेक्शनच्या गाडीत हात लावू देऊ नये, तो कंपनीतून बसवलेला असतो.

दुरुस्ती होईपर्यंत घाटात एसी बंद ठेवा आणि उतारावर गाडी गिअरमध्येच असू द्या.