चोखंदळ कुत्र्याचा खाऊ



आपल्या लोधीखेड्याच्या शिवारात संत्र्याची बाग किंवा कपाशीचे वावर असलेल्या अनेक घरी एखादा कुत्रा असतो. तो जागलीला सोबत करतो, रानडुकराची चाहूल देतो. पण हाक मारली की येतो का, असे विचारले तर घरधनी हसतो आणि म्हणतो, "फादर, तो भाकरीकडे पाहतसुद्धा नाही, त्याला काय शिकवावे?"

मीही असाच हसत होतो. आमच्या आवारातल्या मोतीला पिसाळीची लस टोचायची होती. पशुवैद्य आले. मी बिस्कीट दाखवले, पोळी दाखवली. मोतीने नुसता वास घेतला आणि कुंपणाखालून निसटला. लस राहिली. पुढे महिन्याभरात एका अनोळखी कुत्र्याने त्याला चावा घेतला. मग जनावरांच्या दवाखान्याच्या खेपा, लागोपाठ इंजेक्शने, मोतीला वेगळे बांधणे आणि आवारात खेळायला येणाऱ्या मुलांची काळजी. मोती वाचला, पण चूक माझीच होती. हाकेला येणे मी त्याला कधी शिकवलेच नव्हते.

कुत्रा खाऊला तोंड लावत नाही, याचे पहिले कारण बहुधा त्याचे पोट भरलेले असते. एक जण पोळी टाकतो, दुसरा भात, तिसरा उरलेला रस्सा. असा दिवसभर चरणारा कुत्रा कशासाठी श्रम करील? म्हणून आधी जेवणाच्या दोन वेळा ठरवा. पंधरा-वीस मिनिटांत खाल्ले नाही तर ताट उचला. उपाशी मात्र ठेवू नका. पाणी नेहमी भरलेले असावे. शिकवणे जेवणाच्या अगोदर करावे.

दुसरे कारण असे की, खाऊ आपण आपल्या आवडीने निवडतो. निवड कुत्र्याला करू द्या. दोन मुठींत दोन वेगळे पदार्थ धरा. तो कोणत्या मुठीला आधी नाक लावतो आणि कोणती सोडत नाही, ते पाहा. उकडलेले अंडे, मीठ-मसाल्याविना शिजवलेली कोंबडी (हाड काढून), कलेजीचा लहानसा तुकडा, घरचे पनीर, बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे, असे दोन-तीन दिवस पालटून पाहा. वास जितका ठसठशीत, तितके कुत्र्याचे मन ओढते. म्हणून तुकडा किंचित कोमट असलेला बरा. संत्र्याची फोड मात्र बहुतेक कुत्र्यांना रुचत नाही. आपल्या बागेचा अभिमान त्याच्यावर लादू नये!

सर्वांत आवडता पदार्थ एरवी कधीही देऊ नका. तो केवळ हाकेसाठी राखून ठेवा. तुकडा तुरीच्या दाण्याएवढा पुरे. दिवसभराचा सगळा खाऊ त्याच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा आणि तेवढे जेवण कमी करावे.

आता देण्याची वेळ. कापूस वेचणाऱ्या बाईला काट्यावर वजन होताच मजुरी मिळाली तर तिचा हुरूप टिकतो. "पुढच्या पोळ्याला देऊ" म्हटले तर ती उद्या वावरात फिरकणार नाही. कुत्र्याचा हिशेब याहूनही रोख असतो. तो जवळ आला की त्याच क्षणी तुकडा तोंडात पडला पाहिजे. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले की, अन्नाआधी ठरावीक खूण वारंवार मिळाली तर पुढे नुसत्या खुणेनेही कुत्र्याला लाळ सुटते. म्हणून आधी हाक, मग खाऊ. घरातल्या सर्वांनी एकच शब्द वापरावा. पहिले काही दिवस ओसरीवर दोन पावलांवरून, मग अंगणात, मग लांब दोरी बांधून वावरात, असे अंतर वाढवावे. जवळ आल्यावर मारू किंवा रागावू नये. एका फटक्याने महिन्याची मेहनत वाया जाते. एका हाताने गळपट्टा धरून दुसऱ्या हाताने खाऊ देण्याची सवय लावली की लस टोचतेवेळी तो बिचकत नाही.

काही पदार्थ कटाक्षाने टाळावेत. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे च्युइंगम कुत्र्याला विषारी आहे. नाताळच्या केकमधल्या मनुका विसरू नका. शिजवलेले हाड फुटून आतडे फाडू शकते. गुरांची सरकीची ढेप कुत्र्याला देऊ नये. सरकीतले गॉसिपॉल त्याला बाधते. बुरशी लागलेला शेंगदाणा किंवा मका तर मुळीच नको. त्या विषाने यकृत निकामी होते.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवा. नेहमी आवडीने खाणारा कुत्रा एकाएकी अन्न सोडतो, तेव्हा तो नखरा नसतो. दात दुखत असेल, ताप असेल. पण लाळ गळत असेल, खालचा जबडा लोंबत असेल, आवाज बदलला असेल, स्वभाव पालटला असेल, तर पिसाळीची शंका घ्यावी. घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये. ताबडतोब पशुवैद्याला कळवावे. अन्य दुखण्यासाठी मोठी तपासणी लागली तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

माणसाला कुत्रा चावला तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. लगेच सरकारी दवाखाना गाठावा आणि लसीचे सर्व डोस पूर्ण करावेत. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा काळ संपला, तेव्हा भिऊ नये. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम दिली आणि तो वाचला. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी दरवर्षी, हे घरच्या मुलांसाठीच करायचे आहे.

टोबितच्या पुस्तकात तरुण टोबिया देवदूतासोबत प्रवासाला निघतो, तेव्हा त्याचा कुत्राही मागोमाग चालतो. कोणी ओढून नेले असे तेथे लिहिलेले नाही. आपला कुत्राही असाच आपखुशीने यावा. यंदा लस टोचायच्या दिवशी मोती हाकेसरशी आला. मुठीत कलेजीचा तुकडा होता. सुई टोचली तेव्हा तो बोटे चाटत होता.

— तुमचा धर्मगुरू