छातीवर कोण बसते?

वावरात हरभरा हिरवा झाला, की आमच्या मारेगावकडची माणसे जागलीला जातात. रानडुकरे आणि रोही एका रात्रीत पिकाची नासाडी करतात. म्हणून मचाणावर बसायचे, शेकोटी करायची, डबा वाजवायचा. दिवसा काम आहेच.

असा एक शेतकरी आमच्याकडे आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "गुरुजी, पहाटं छातीवर कोनीतरी बसते. डोळे उघडे, पन हात हालत नाही, वरडता येत नाही. भगत बोकड मांगते."

आम्ही त्याला जे सांगितले, ते तुम्हीही ऐका.

झोप म्हणजे दिवा मालवणे नव्हे. झोपेतही शरीराचे काम चालूच असते. आधी हलकी झोप लागते. पान वाजले तरी जाग येते. मग गाढ झोप. तेव्हा कोणी उठवले, तर आपण कुठे आहोत हेच कळत नाही. शरीराची झीज भरून निघते ती मुख्यतः या वेळी. त्यानंतर येते स्वप्नांची झोप. तिच्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. शिकागोच्या शास्त्रज्ञांनी १९५३ साली ही गोष्ट जगापुढे मांडली. निजलेल्या लेकराकडे पाहा, तुम्हालाही दिसेल. हा सगळा फेरा सुमारे दीड तासाचा. रात्रीतून असे चार-पाच फेरे होतात. गाढ झोप पहिल्या फेऱ्यांत जास्त, स्वप्ने पहाटेकडे जास्त.

आता गंमत पाहा. स्वप्नात आपण पळतो, पण खाटेवरून उठून पळत नाही. का बरे? त्या वेळी मेंदू हातापायांना जणू कुलूप लावतो. कधी डोळे उघडतात, पण कुलूप तसेच राहते. अर्धे स्वप्नही डोळ्यांपुढे असते. तेच हे छातीवरचे भूत! थोड्या वेळाने, बहुधा एक-दोन मिनिटांतच, ते आपोआप जाते. झोप अपुरी पडली, उताणे निजले, की ते जास्त होते. जागल करणाऱ्याची झोप पुरी कशी होणार? मग बोकड कशाला?

घोरण्याला मात्र हसू नका. घोरता घोरता श्वास थांबतो, माणूस दचकून श्वास घेतो, दिवसा बसल्या जागी पेंगतो, असे असेल तर त्याला दवाखान्यात न्या. झोपेत त्याचा घसा आतून मिटतो. त्याने रक्तदाब वाढतो. दारूने घसा आणखी सैल पडतो. ज्याला रात्र रात्र झोपच येत नाही, त्यानेही डॉक्टरला दाखवावे. दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नयेत.

आम्हीही एकदा चुकलो. वर्गात पेंगणाऱ्या पोराला आम्ही आळशी म्हणून बाकावर उभे केले. तो बापासोबत रात्रभर वावरात होता, हे मागाहून कळले. फार वाईट वाटले.

त्या शेतकऱ्याने आता शेजाऱ्याशी पाळी ठरवली आहे. एकाने नऊ ते दोन निजायचे, दुसऱ्याने दोन ते सात. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते. उरलेली दुपारी सावलीत. निजण्याआधी चहा घेऊ नये, हे मात्र त्याला अजून पटलेले नाही.