बॉक्सर कुठे चालते?

बजाजच्या बॉक्सर मोटारसायकलीचा माग काढायचा नाद मला बरीच वर्षं आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही गाडी आपल्याकडे गावोगाव दिसायची. पुढे सीटी १०० आली आणि बॉक्सर मागे पडली. नायजेरियात, युगांडात मात्र तिने घट्ट पाय रोवले. परदेशातली नवी बाजारपेठ कशी निवडावी, हे समजून घ्यायला याहून चांगला धडा माझ्या पाहण्यात नाही.

शास्त्र थोडक्यात सांगतो. कंपन्या आधी ओळखीच्या, जवळच्या देशांत जातात आणि मग दूर सरकतात, असं योहानसन आणि वालने या संशोधकांनी १९७७ साली मांडलं. व्यवस्थापनाचे अभ्यासक पंकज घेमावत यांनी २००१ मध्ये अंतराचे चार प्रकार सांगितले : संस्कृतीचं, कारभाराचं, भूगोलाचं आणि अर्थकारणाचं. लोकसंख्या, दरडोई उत्पन्न यांचे तक्ते तर सगळेच मांडतात.

त्या तक्त्यांत दुचाकी कशासाठी घेतली जाते, ते दिसत नाही. युगांडाच्या राजधानीत, कंपालात, जुन्या टॅक्सी पार्कच्या आसपास बोडा-बोडावाल्यांशी, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाल्यांशी, गप्पा मारत मी दुपारच्या दुपारी घालवल्या आहेत. तिथे मोटारसायकल म्हणजे टॅक्सी. मागे दोन माणसं, कधी केळ्यांचे घड, कधी कोंबड्यांची टोपली. पुष्कळांची गाडी उधारीची. रोजच्या कमाईतून मालकाचा हप्ता आधी बाजूला काढायचा, उरेल ते घरी न्यायचं. अशा माणसाला लांब सीट हवी, मागे मजबूत कॅरियर हवं, खड्डे सोसणारं सस्पेन्शन हवं. गाडीने पेट्रोल कमी प्यायला हवं आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला ती डोळे मिटून उघडता यायला हवी. क्लचप्लेट मिळाली नाही तर त्याचा दिवस बुडतो. म्हणून गाडीच्या आधी सुटे भाग पोचवणारा स्थानिक वितरक शोधावा लागतो. माझ्या मते देश निवडण्याइतकंच वजन या निवडीला आहे.

याउलट इंडोनेशिया. दुचाकींचा प्रचंड बाजार! बजाज २००६ मध्ये पल्सर घेऊन तिथे उतरली. पण होंडा आणि यामाहाने दुकानं, गॅरेजं, कर्जाच्या सोयी आधीच व्यापलेल्या होत्या आणि लोकांना सवय होती पाय उचलून न टाकता बसता येणाऱ्या गाड्यांची. पल्सर तिथे रुजली नाही. आकडा मोठा म्हणून देश निवडू नये, हे मला तेव्हापासून पटलं आहे.

पोटासाठी धावणाऱ्या गाडीचा बाजारही बिनघोर नसतोच. १ फेब्रुवारी २०२० पासून नायजेरियातल्या लागोस राज्याने लागोस शहराच्या मोठ्या भागात मोटारसायकल-टॅक्सी आणि तीनचाकी बंद केल्या. २०२१ मध्ये इजिप्तने तीनचाकींच्या सुट्या भागांची आयात थांबवली. त्याहून जाचक ठरते डॉलरची टंचाई : गिऱ्हाईक दारात उभं असतं, पण वितरकाला माल मागवायला परकीय चलनच मिळत नाही. २०२१-२२ मध्ये बजाज ऑटोची निर्यात २५ लाख वाहनांच्या वर होती. पुढच्याच वर्षी ती १८ लाखांच्या आसपास आली, आणि त्यात या टंचाईचा वाटा मोठा होता. जून २०२३ मध्ये नायजेरियाने आपलं चलन, नायरा, बाजारभावावर मोकळं सोडलं, ते कोसळलं आणि गाडी आणखी महागली. म्हणूनच देशाच्या परकीय गंगाजळीचा आकडा मी लोकसंख्येच्या आधी वाचतो.

आता हाच धडा ब्राझीलला लावून पाहू. २०२४ मध्ये बजाजने तिथल्या मनाउसमध्ये कारखाना सुरू केला. तिथे करसवलती आहेत. होंडाही तिथे १९७६ पासून ठाण मांडून आहे. बजाजने त्या देशात सुरुवात केली ती डॉमिनार या मोटारसायकलीने. मला विचाराल, तर साओ पाउलोत पार्सलं पोचवणाऱ्या मोटोबॉयला काय परवडतं, हे कंपनीने लवकर शोधावं.