उन्हाची शेती

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरोघरी वाळवणाची गडबड सुरू होते. गव्हाचा चीक शिजतो, अंगणात जुनी साडी अंथरली जाते आणि तिच्यावर एकेक कुरडई घातली जाते. पातेलेभर चिकाला अख्खे अंगण कमी पडते! जागा वाचवण्यासाठी त्या कुरडया एकावर एक रचल्या तर? वरची तेवढी वाळेल, खालच्या आंबून जातील. चीक शिजवताना मात्र चुलीपुरती जागा पुरली होती. असे का बरे? चुलीतली उष्णता एका जागी एकवटलेली असते, ऊन मात्र पातळ पसरलेले असते. ते गोळा करायचे तर आपल्यालाही तितकेच पसरावे लागते.

मित्रहो, ही साधी गोष्ट लक्षात ठेवा. सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या मोठमोठ्या प्रकल्पांची रचना आणि त्यांच्याबद्दलचे पुष्कळसे वाद याच एका गोष्टीतून निघतात. आज आपण असाच एक प्रकल्प पाहू या. तो कर्नाटकात, तुमकुरू जिल्ह्यातल्या पावगड तालुक्यात आहे.

एक चौरस मीटर ऊन

भर दुपारी, आकाश निरभ्र असताना, एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॉट इतकी सौरशक्ती पडते. सौर पॅनेलमधले घट सिलिकॉन या अर्धवाहकाचे असतात. प्रत्येक घटात दोन वेगळ्या प्रकारच्या सिलिकॉनचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. प्रकाश पडला की आतले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि दोन थरांच्या सीमेवरील विद्युतक्षेत्र त्यांना एका दिशेने ढकलते. हाच विद्युतप्रवाह. यात काही जळत नाही, धूर नाही, फिरणारे चाकही नाही.

पण पडलेल्या सगळ्या उन्हाची वीज होत नाही. पावगडचा प्रकल्प उभा राहिला त्या काळातली पॅनेले साधारण एक षष्ठांश उन्हाची वीज करीत. म्हणजे एका चौरस मीटरमागे सुमारे १६५ वॉट. आता एक मेगावॉट, म्हणजे दहा लाख वॉट, हवे असतील तर किती पॅनेले लागतील? भागाकार करा. उत्तर येते सुमारे ६००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर.

पावगडच्या प्रकल्पाची क्षमता आहे २०५० मेगावॉट आणि त्याची जमीन आहे सुमारे १३,००० एकर. पुन्हा भागाकार केला तर एका मेगावॉटला सव्वासहा एकरांहून थोडी अधिक जागा पडते. पॅनेलांना पुरते दीड एकर आणि जमीन लागते सव्वासहा! मग उरलेली जागा जाते कुठे?

सावलीचा हिशेब

थोडी जागा रस्ते, रोहित्रे आणि इन्व्हर्टर यांना लागते. पॅनेलमधून निघणारा प्रवाह एकदिश असतो, तो वीजजाळ्यात सोडण्यापूर्वी इन्व्हर्टर त्याचा प्रत्यावर्ती प्रवाह करतो. पण बरीच जागा जाते ती सावलीपायी.

पॅनेलांच्या ओळी दक्षिणेकडे थोड्या कललेल्या असतात. पुढच्या ओळीची सावली मागच्या ओळीवर पडून चालत नाही, कारण पॅनेलमधले घट साखळीसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. पाण्याच्या नळीवर एका जागी पाय दिला की पुढची सारी धार बारीक होते ना? तसेच एका घटावर सावली पडली की त्या साखळीचा प्रवाह रोडावतो.

२२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो. त्या दिवशी सकाळी नऊला पावगडच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १४ अंश उत्तरेला, एक मीटर उंच काठीची सावली दीड मीटरहून लांब पडते. दोन ओळींमधले अंतर ठरवताना अशा सावल्या मोजाव्या लागतात. म्हणूनच वरून काचेचा सागर दिसणाऱ्या या प्रकल्पात प्रत्यक्षात पाव भागाहूनही कमी जमीन पॅनेलांनी झाकलेली आहे.

तेरा हजार एकर आले कुठून?

एवढी जमीन शहरात मिळणार नाही. ती खेड्यातच शोधावी लागते आणि खेड्यातली जमीन रिकामी नसते. पावगड हा अवर्षणाचा मुलूख. कोरडवाहू भुईमूग हे तिथले मुख्य पीक. पाऊस दगा देई आणि पुष्कळजण कामाच्या शोधात शहराची वाट धरीत.

या प्रकल्पासाठी २०१५ साली केंद्र आणि राज्य यांच्या संस्थांनी मिळून एक कंपनी स्थापन केली. तिने जमिनी विकत घेतल्या नाहीत, २८ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतल्या. तिरुमणी, वळ्ळूर, बळसमुद्र, क्यातगनचेर्लू आणि रायचेर्लू या पाच गावांतल्या दोन हजारांहून अधिक शेतकऱ्यांनी जमीन दिली. मालकी त्यांचीच राहिली. भाडे ठरले एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी त्यात पाच टक्के वाढ. २०१९ च्या अखेरीस प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालू झाला.

ज्याच्या शेतात चार वर्षांतून एखादे पीक धड हाती येई, त्याला हे भाडे म्हणजे मोठाच आधार. पाऊस पडो न पडो, पैसे ठरलेले. शिवाय कोळशापासून एक युनिट वीज केली की साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तोही इथे वाचतो. तेव्हा या प्रकल्पाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण गणित अर्ध्यावर सोडणेही बरे नव्हे.

हिशेबाची दुसरी बाजू

पहिला प्रश्न महागाईचा. २८ वर्षांत ही वाढ तेरा वेळा मिळेल. २१,००० ला १.०५ ने तेरा वेळा गुणा. शेवटच्या दोन वर्षांचे भाडे येईल सुमारे ३९,६०० रुपये. आता समजा, बाजारभाव दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढत गेले. मग तेव्हाच्या ३९,६०० रुपयांत जेवढे सामान येईल, तेवढे आरंभी ११,१०० रुपयांतच आले असते. आकडा फुगला, पण त्याची किंमत जवळजवळ निम्म्यावर आली!

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. आपल्याकडे जसा सातबारा, तशी कर्नाटकात ‘पहाणी’. भाडे मिळते ते पहाणीवर ज्याचे नाव आहे त्याला. पण शेतावर जगणारा प्रत्येकजण शेताचा मालक असतो का? भुईमुगाची पेरणी, खुरपणी, काढणी, शेंगा तोडणे ही कामे मजुरीने करणारी माणसे, त्यांत बायकाच अधिक, पुष्कळदा भूमिहीन असतात. मेंढपाळ पीक निघालेल्या रानात मेंढरे चारतो. कुंपण पडले की मजुरी आणि चराई दोन्ही थांबतात. पॅनेले बसवताना शेकडो हातांना काम मिळते, पण ती बसली की गवत कापणे, काचा धुणे आणि राखण एवढीच थोडी कामे उरतात. पावगडच्या भूमिहीनांची तक्रार हीच आहे, आणि तिला उत्तर देणारा रकाना भाडेपट्ट्याच्या कागदात नाही.

एका पैशाची गोष्ट

मग काय करता येईल? पुन्हा आकड्यांकडेच वळू या. ढग, सकाळ, संध्याकाळ आणि रात्र हे सारे धरून एक मेगावॉटचा प्रकल्प सरासरीने रोज सुमारे साडेचार तास पूर्ण शक्तीने चालल्याइतकी वीज देतो. म्हणजे रोज ४५०० युनिट आणि वर्षाला साधारण साडेसोळा लाख. ती सव्वासहा एकरांत वाटली तर एकरी सुमारे २ लाख ६० हजार युनिट पडतात. एकराचे मूळ भाडे २१,००० रुपये. तेव्हा एका युनिटमागे जमिनीचा वाटा आला अवघा आठ पैसे!

आता प्रत्येक युनिटमागे आणखी एकच पैसा बाजूला काढला तर? एकरी २६०० रुपये आणि १३,००० एकरांचे वर्षाला सुमारे ३ कोटी ३८ लाख रुपये. पाच गावांतल्या भूमिहीनांना त्यातून केवढा तरी आधार देता येईल. बिलावरचा एक पैसा शहरातल्या ग्राहकाला जाणवणारही नाही.

दुसरा उपाय ओळींमधल्या मोकळ्या जमिनीत आहे. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने १०५ किलोवॉटच्या प्रकल्पात पॅनेलांच्या मधल्या जागेत मूग, मटकी अशी बुटकी पिके घेऊन दाखवली आहेत. पॅनेलांवरून ओघळणारे पावसाचे पाणीही तिथे साठवले जाते. उंच पीक चालणार नाही, कारण त्याची सावली काचेवर पडेल. पण जिथे पीक येते तिथे खुरपणीही येते आणि गवत राखले तर मेंढरेही चरू शकतात. मात्र याचा विचार आराखडा काढतानाच झाला पाहिजे. खांब रोवल्यावर ओळी सरकवता येत नाहीत.

महाराष्ट्रातही शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली गावोगावच्या वीज उपकेंद्रांजवळ लहान सौर प्रकल्प उभे राहत आहेत. त्यासाठीही जमीन भाड्याने घेतली जाते. तुमच्या गावाजवळ असा प्रकल्प असेल तर शिक्षकांबरोबर तो पाहून या. बरोबर मीटरपट्टी आणि वही न्या. दोन ओळींतले अंतर मोजा, पॅनेलची रुंदी मोजा आणि किती जमीन काचेखाली आहे ते काढा. मग गावात येऊन विचारा : पूर्वी या जमिनीवर काय पिकत होते? तिथे कामाला कोण जात होते आणि ती माणसे आता काय करतात? दोन्ही उत्तरे वहीच्या एकाच पानावर लिहा.